कुलगुरूंचे अध्यात्म

विद्यापीठांचे नेतृत्व आध्यात्मिक असावे, असा आग्रह आपल्याकडे वारंवार धरला जातो. आग्रह धरणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु अध्यात्म म्हणजे नेमके काय, हे ते सांगत नाहीत. आणि जिची व्याख्या केली जात नाही, अशा गोष्टीच्या नावाने सत्ता चालवणे फार सोपे असते.

या मताचे समर्थक राधाकृष्णन आयोगाचा (१९४८-४९) दाखला देतात. शिक्षणसंस्थांच्या दिवसाचा आरंभ काही मिनिटांच्या मूक चिंतनाने व्हावा, अशी शिफारस या आयोगाने केली होती, हे खरे. पण तिच्यातील संयम ध्यानात घ्यायला हवा. मौनात कोणाचाही देव गृहीत धरलेला नसतो. सर्वस्वी शासकीय निधीतून चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई करणाऱ्या संविधानाच्या २८व्या अनुच्छेदाशी हा संयम सुसंगतच होता. आजच्या पुरस्कर्त्यांनी शिफारस तेवढी उचलली. संयम मागेच राहिला.

आता दुसरी बाजू पाहू. फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद १८९२ ते १८९५ या काळात गोपाळ गणेश आगरकरांकडे होते. ते अज्ञेयवादी होते. पुढे त्याच पदावर आलेले, १८९९चे सीनियर रँग्लर र. पु. परांजपे हे तर उघड बुद्धिवादी. लखनौ आणि पुणे विद्यापीठांचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. तुटपुंज्या वेतनावर आयुष्य वेचणाऱ्या त्या पिढीत वैराग्य नव्हते, असे कोण म्हणेल? ईश्वरावरील श्रद्धा आणि पदाविषयीची अनासक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कुलगुरूंची साधना पहाटेच्या ध्यानात नव्हे, निवड समितीच्या बैठकीत कसाला लागते. वरून आलेली चिठ्ठी बाजूला सारता येते का? नामवंत प्राध्यापकाविरुद्ध संशोधक विद्यार्थिनीने केलेली तक्रार निर्भयपणे ऐकली जाते का? दलित विद्यार्थ्याची रखडलेली शिष्यवृत्ती झोप उडवते का? वसतिगृहातील पाण्याचे गाऱ्हाणे घेऊन आलेल्याला सहनशीलतेचा उपदेश मिळत असेल, तर ते अध्यात्म नव्हे, कर्तव्याची चुकवाचुकव आहे. शिवाय प्रशासकाचा गुरू झाला, की मतभेदाची अश्रद्धा होते आणि प्रश्न विचारणारा अपराधी ठरतो.

डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या औरंगाबाद येथील महाविद्यालयाला ‘मिलिंद’ हे नाव लाभले, ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. त्याच्याशी चर्चा करण्यापूर्वी भिक्खू नागसेनाने अट घातली होती: राजा म्हणून नव्हे, पंडित म्हणून बोलणार असाल, तरच बोलू. कारण पंडित वादात हरला तरी कोपत नाही. राजा मात्र शिक्षा करतो.

विद्यापीठाच्या प्रमुखाला अध्यात्म हवेच असेल, तर त्याने ही एक अट पाळावी. तेवढे पुरेसे आहे, आणि तेच सर्वांत कठीण आहे.