विरजणाचं भांडंच घासून टाकलं तर?

रात्री साडेदहानंतर फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. या खेपेला फोन होता भाचीचा, बंगळुरूच्या मारतहळ्ळीहून. (मराठी माणसाला या नावात हमखास 'मराठा' ऐकू येतो. तिथं मात्र एक कथा अशी सांगतात, की हे नाव पडलं 'मारुत' विमानावरून. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं हे लढाऊ विमान १९६१ साली बंगळुरूतच पहिल्यांदा आकाशात झेपावलं. खरं-खोटं मारुतीच जाणे!)

"मामा, लॅपटॉप रिसेट होत नाहीये. परवा आत्या सांगलीला परत निघालीय, तिच्याबरोबर पाठवायचाय."

सांगलीचा तिचा चुलतभाऊ इंजिनियरिंगला लागला. त्याला आपला पाच वर्षांचा लॅपटॉप द्यायचा, पण तो कारखान्यातून आला तसा कोरा करून, असा तिचा बेत. सेटिंग्जमध्ये जाऊन तिनं 'रिसेट धिस पीसी' दाबलं. उत्तर आलं, 'रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट सापडत नाही.' दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, मदरबोर्डची भानगड दिसते, नवं विंडोज विकत घ्या, साडेतीन हजार पडतील.

"गेल्या वर्षात लॅपटॉप उघडला होतास का गं?"

उघडला होता. फार हळू चालतो म्हणून त्याच दुकानात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घेतली. लॅपटॉप पळायला लागला, बाई खूश. जुनी डिस्क? "ती काय करायची म्हणून तिथंच ठेवली."

घ्या! इथंच सगळं आलं.

मंडळी, दही लावताना आपण चमचाभर विरजण बाजूला ठेवतो की नाही? लॅपटॉप बनवणारेही तेच करतात. पूर्वी संगणकाबरोबर सीडी मिळायची. पुढे ती बंद झाली आणि कंपन्यांनी डिस्कचाच एक कोपरा राखून त्यात सगळा मालमसाला लपवून ठेवला. हेच ते रिकव्हरी पार्टिशन. दुकानदारानं नवी डिस्क घातली, वर विंडोज चढवलं, पण त्या कोपऱ्याकडे पाहिलंच नाही. दही खाल्लं आणि विरजणाचं भांडंही घासून टाकलं. मदरबोर्ड बिचारा निर्दोष!

उलट मदरबोर्डनंच भाचीचे पैसे वाचवले. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून कंपनीकडून विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपची किल्ली, म्हणजे पंचवीस अक्षरांचा परवाना, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये गोंदलेली असते. डिस्क बदला, जाळा, समुद्रात टाका, किल्ली तिथंच. त्याच जातीचं विंडोज, म्हणजे होमच्या जागी होम, पुन्हा टाकलं की ते स्वतःच किल्ली वाचतं. फक्त 'डॉस'वाला स्वस्त लॅपटॉप घेतला असेल, तर त्यात किल्ली नसते. तिथं दुकानदार पैसे मागतो ते रास्त.

मी म्हटलं, आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरव. "सगळं गूगलवर आहे मामा," म्हणाली. तरी उतरव. कुरकुरत बसली. अर्ध्या तासानं पुन्हा फोन, आवाज वेगळा. 'मिस्क' नावाच्या एका फोल्डरात तिच्या आईचे, माझ्या ताईचे, शेवटच्या दिवाळीचे व्हिडिओ निघाले. दुकानदारानं जुन्या डिस्कवरून उचलून कुठंतरी टाकले होते. गूगलवर नव्हते. फोनवरून कधीच उडालेले. आणि तासाभरापूर्वी हिनं 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलं होतं! रिसेट चालला असता तर...

असो. फाइल उतरल्या, चार-पाच उघडून पाहिल्या, मगच पुढे गेलो.

आधी साधा उपाय. स्टार्टवर उजवी क्लिक, 'टर्मिनल (ॲडमिन)'. तिथं इंग्रजीत आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी ही अक्षरं सलग, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'इन्फो'. उत्तर 'डिसेबल्ड' आलं, तर 'इन्फो'च्या जागी 'एनेबल' लिहायचं. पुष्कळदा एवढ्यावर काम होतं. 'विन-आरई' नावाची फाइल विंडोजच्या पोटात पडून असेल, तर वेगळं पार्टिशन नसतानाही रिसेट जिवंत होतो. मात्र बिटलॉकर चालू असेल, तर सी ड्राइव्हवर तिला जागा मिळत नाही. भाचीकडे ती फाइलच नव्हती. क्लाउड डाउनलोडचा पर्यायही त्या फाइलवाचून हलत नाही.

मग शेजाऱ्याकडून विरजण. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर 'मीडिया क्रिएशन टूल' फुकट मिळतं. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावला की ते त्यावर विंडोज ११ उतरवतं. (विंडोज १० मी सुचवलं नाही. त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.) घरचंच विरजण हवं, कंपनीच्या खास सॉफ्टवेअरसकट, तर डेल, एचपी, लेनोवो यांच्याही अशा सोयी आहेत. लॅपटॉपच्या पोटाखालचा क्रमांक द्यायचा, ३२ जीबीचा पेनड्राइव्ह जवळ ठेवायचा. भाचीला ती भरताड नकोच होती. माझंही मत तेच.

लॅपटॉप सुरू होताना डेल-लेनोवोत एफ-१२, एचपीत एफ-९ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. पुढे डिस्कवरची पार्टिशनं दिसतात. लॅपटॉप कोराच करायचा, म्हणून तिनं ती सगळी पुसली. आत दुसरी डिस्क असेल, तर इथं डोळ्यांत तेल घाला. मोकळी जागा निवडून 'नेक्स्ट' म्हटलं, की विंडोज आपणहून रिकव्हरीचा कोपरा आखतं. किल्ली मागितलीच नाही. एकच अडचण आली. वायफायचा ड्रायव्हर नव्हता आणि विंडोज ११ इंटरनेटवाचून पुढे सरकेना. मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, गाडी सुटली.

पहाटे दोनला तिनं रिसेटचं बटण दाबून पाहिलं. पर्याय समोर आले, तशी मागे फिरली. मग 'क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह' शोधून, सिस्टिम फाइल्सच्या चौकटीत खूण करून, दुसरा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह तयार केला. हे काम खरं तर लॅपटॉप घरी आल्या दिवशीचं. तेव्हा आपण पेढे वाटत असतो.

जुन्या डिस्कचा मात्र पत्ता लागला नाही. भाची दुसऱ्या दिवशी दुकानात गेली, तर "विकली असेल" एवढंच उत्तर. तिच्यावर पॅन कार्ड, पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट्स. ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड बदलण्यात तिचा रविवार गेला. डिस्क बदललीत तर जुनी मागून घ्या हो, बिघडलेली असली तरी. ती तुमच्याच पैशाची असते.

लॅपटॉप आत्याबरोबर सांगलीला पोचला, पेनड्राइव्ह पाकिटात घालून बॅगेत. मला भाचीनं एक व्हिडिओ पाठवला. ताई चकलीचा सोऱ्या फिरवतेय आणि कॅमेऱ्यामागच्या लेकीला ओरडतेय, "ते बंद कर आणि तेल बघ आधी!"