आचमनापुरते पाणी

आळंदीला इंद्रायणीच्या घाटावर जाऊन पाहा. यात्रेच्या दिवसांतही पात्रावर पांढरा फेस तरंगत असतो. दिंडीतली म्हातारी तो हाताने बाजूला सारते, ओंजळ भरते, डोळे मिटते आणि तीर्थ म्हणून तोंडाला लावते. तिच्या श्रद्धेत खोट नाही. खोट आहे ती ते बघत काठावर उभ्या राहणाऱ्या आपल्यात, म्हणून आम्ही ही चळवळ सुरू करीत आहोत.

आम्ही हिंदू आहोत. देवापुढे दिवा लावणारे, वारी करणारे, कुलदैवताची ओटी भरणारे. धर्म धोक्यात आहे, असे आम्हालाही मनापासून वाटते. १९९० साली काश्मीर खोऱ्यातल्या पंडितांना घरदार सोडावे लागले. ते दुःख आमचे आहे आणि ते कमी लेखणाऱ्याशी आमचे जमणार नाही. पण धर्मरक्षणाच्या सभांतले बोट दरवेळी शेजाऱ्याच्याच दाराकडे वळते, हे आम्हाला मान्य नाही. इंद्रायणीतला फेस कुणा परधर्मीयाने आणून ओतलेला नाही. लोणावळ्याजवळ उगम पावलेली ही नदी देहू, आळंदी करीत तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत नाल्यांचे सांडपाणी, कारखान्यांची रसायने, घराघरांतले साबणाचे पाणी तिच्यात शिरते. हीच भीमा पुढे पंढरीत चंद्रभागा होते. ज्ञानोबांच्या दारात टाकलेली घाण आपण विठोबाच्या वाटेला लावतो आहोत.

आपल्याला विटाळ कळत नव्हता, असेही नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली. तेवढ्याने तळे बाटले, असे म्हणून गावातल्या सवर्णांनी पंचगव्य ओतून त्याची शुद्धी केली. तहानलेल्या माणसाच्या ओंजळीचा विटाळ आपण मानला, गटाराचा मात्र मानत नाही. आमच्या मते हिंदू धर्मावरचे आजचे सर्वांत मोठे संकट हेच आहे : शुद्ध काय आणि अशुद्ध काय, याची आपली ओळखच उलटी झाली आहे.

या उलट्या ओळखीची किंमतही आपण मोजली. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षे दार उघडले नाही. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी सांगितले, की मी हिंदू म्हणून मरणार नाही. १९५६ साली नागपुरात लाखो माणसे बौद्ध झाली. धर्मांतराची चिंता वाहणाऱ्याने आधी त्या बंद दाराचा हिशेब द्यावा. पंढरपूरचे दार उघडायलाही १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. अस्पृश्य मानलेल्या संत चोखोबांची समाधी आजही नामदेव पायरीजवळ, मंदिराच्या बाहेर आहे. दर्शनाला जाल तेव्हा तिथे थांबा.

आमचे काम पाण्यापासून सुरू होईल. आमच्या घरचे निर्माल्य नदीत जाणार नाही, त्याचे खत होईल. गणपती शाडूचा असेल आणि घरीच बादलीत विसर्जित होईल. तीर्थक्षेत्राच्या प्रत्येक गावात रोज किती सांडपाणी निघते आणि त्यातले किती शुद्ध न करता नदीत सोडले जाते, हे आम्ही पालिकेला लेखी विचारू आणि मिळालेले उत्तर मंदिराच्या दारावर लावू. २०२७ साली नाशिकला सिंहस्थ आहे. गोदावरीचे पाणी आचमनापुरते तरी स्वच्छ असल्याशिवाय शाही स्नानाच्या थाटाचे कौतुक आम्ही करणार नाही.

ज्या गावात अजून जातवार स्मशाने आहेत, तिथे आमचा कार्यकर्ता आधी सर्वांचे स्मशान एक व्हावे म्हणून गावकऱ्यांना भेटेल, भंडाऱ्याची वर्गणी मागेल ती त्यानंतर. चळवळीत कुणाची जात विचारली जाणार नाही. आमच्या व्यासपीठावरून दुसऱ्या धर्माच्या माणसाविषयी एक वाईट शब्द निघाला, तर बोलणाऱ्याला तिथेच खाली बसवले जाईल.

कार्तिक वद्य एकादशीला आळंदीच्या घाटावर या. येताना घरातला तांब्या आणा. इंद्रायणीचे पाणी त्यात भरून आपण ज्यांच्याकडे नदीची जबाबदारी आहे त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवू, आणि एवढेच म्हणू, की हे आमचे तीर्थ आहे, आधी तुम्ही घ्या.