शब्दार्थ फळ्यावर लिहिण्याआधी

बी.एड. किंवा डी.एल.एड. करून भाषा शिकवायला निघालेल्या मित्रमैत्रिणींनो, पुढच्या सराव पाठाचं टाचण काढाल तेव्हा नवीन शब्दांपाशी जरा थांबा. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, मुलांनी वहीत उतरवून घेतलं की शब्द शिकवून झाला, असं आपण धरून चालतो. ही समजूत बहुधा अध्यापक महाविद्यालयात तयार झालेली नसते. ती तुम्ही पहिलीपासून बाकावर बसून पाहत आलात. शिक्षक होऊ पाहणारा माणूस शिकवण्याबद्दलच्या कितीतरी कल्पना विद्यार्थी असतानाच घेऊन येतो, हे डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये मांडलं. म्हणून शब्द शिकवणं म्हणजे काय, याबद्दल तुम्ही काय मानता ते आधी वहीत लिहून काढा. मग ते वर्गात पडताळून पाहा.

'हिरमुसणे म्हणजे निराश होणे' एवढंच फळ्यावर लिहिलं, तर एखादं मूल 'पाऊस न आल्यामुळे शेतकरी हिरमुसला' असं वाक्य करेल. व्याकरण बरोबर, अर्थही पाठ, तरी वाक्य खटकतं. सहलीला नेलं नाही म्हणून पोर हिरमुसतं. पीक गेलेल्या माणसाच्या दुःखाला हा शब्द पुरत नाही. ही जाण समानार्थी शब्दातून येत नाही, दोन-तीन प्रसंग ऐकले की येते. इंग्रजीतही तेच. 'मेडिसिन' म्हणजे औषध हे येणारं मूल 'ड्रिंक मेडिसिन' म्हणतं, कारण घरी आपण औषध पितो. त्याला सुरुवातीलाच 'टेक मेडिसिन' अशी जोडी द्या.

असं शिकवायचं तर एका तासाला बारा शब्द झेपणार नाहीत. चार-पाच निवडा, तेही मुलांना पुन्हा लागतील असे. बाकीच्यांचा अर्थ जाता जाता सांगा आणि पुढे चला. निवडलेले शब्द मात्र पुन्हा पुन्हा भेटू द्या. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या दिवसातच विसरलं जातं आणि अंतरानं केलेली उजळणी जास्त टिकते, हे त्यांतून दिसलं. एकट्या सराव पाठात हे कळतच नाही. निरीक्षक शेरा लिहून जातात आणि मुलांना काय उरलं ते कुणी पाहत नाही. पण २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला अनुभव किमान २० आठवड्यांचा. त्या काळाचा उपयोग करा. आज शिकवलेला शब्द उद्या वही न उघडता विचारा, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

इंग्रजीच्या तासाला मराठी बोललो तर चुकलो, ही समजूतही सोडा. 'बट' किंवा 'अनलेस' चित्रानं समजावण्यात दहा मिनिटं घालवण्यापेक्षा एक मराठी शब्द सांगा आणि वाचलेला वेळ वाक्यं करायला वापरा. हाच न्याय मराठीच्या तासालाही लावा. नंदुरबारच्या पाड्यावरचं पावरी बोलणारं किंवा भामरागडचं माडिया बोलणारं मूल समोर असेल, तर त्याचा शब्द त्यालाच विचारा, फळ्यावर लिहा आणि तुम्हीही शिका. आपल्या घरचा शब्द फळ्यावर पाहिलेलं मूल तासाला तोंड उघडतं, आणि तोंड उघडल्याशिवाय भाषा येत नाही.

'वाचन वाढलं की शब्द आपोआप येतात' हे अर्धंच खरं आहे. शंभर शब्दांत दहा अनोळखी असतील तर मूल अडखळतं आणि पुस्तक मिटतं. दोन-तीन असतील तर संदर्भानं पुढे जातं. गोष्टीचं पुस्तक देण्याआधी त्यातलं एक पान मुलाकडून वाचून घ्या. जास्त अडखळलं, तर सोपं पुस्तक द्या, ते खालच्या इयत्तेचं असलं तरी.