स्वेतलानाचं वय

आपल्याकडच्या मिश्र घरांत बाळाच्या नावाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘स्वेतलाना ठेवा ना! म्हणजे आपली श्वेताच की, मूळ संस्कृतच.’ दोन्हीकडचे आजी-आजोबा खूश होतात आणि चर्चा तिथेच मिटते. यातलं निम्मं खरं आहे. संस्कृत ‘श्वेत’ आणि रशियन ‘स्वेत’ हे एकाच प्राचीन धातूतून आलेले शब्द आहेत, याबद्दल भाषाशास्त्रज्ञांत वाद नाही. पण इंग्रजी ‘व्हाइट’ आणि लिथुआनियन ‘श्विएसा’ (उजेड) हे शब्दही त्याच कुळातले. हे नातं चुलत भावंडांचं आहे, मायलेकींचं नाही. शिवाय दोघांचे अर्थही वेगळ्या वाटांनी गेले. संस्कृतात तो शब्द पांढऱ्या रंगापाशी थांबला. रशियनमध्ये पांढऱ्याला ‘बेली’ म्हणतात, आणि ‘स्वेत’ म्हणजे प्रकाश, तसंच जगसुद्धा. तेव्हा स्वेतलाना म्हणजे गोरी नव्हे, तेजस्वी.

आता उरलेलं निम्मं. धातू हजारो वर्षांचा असला तरी नाव जेमतेम सव्वादोनशे वर्षांचं आहे. १८०२ साली अलेक्सांद्र वोस्तोकोव या तरुण कवीने ‘स्वेतलाना आणि म्स्तिस्लाव’ नावाची, मुद्दाम जुन्या वळणाची काव्यकथा लिहिली. हे नाव साहित्यात येतं ते तिथून. वोस्तोकोव पुढे स्लाव्ह भाषांचा मोठा अभ्यासक झाला. गंमत म्हणजे तो जन्माने ओस्टेनेक, बाल्टिक जर्मन भाषक. ‘ओस्ट’ म्हणजे पूर्व, म्हणून त्याने रशियन ‘वोस्तोक’वरून स्वतःचं आडनावच नवं करून घेतलं. असा माणूस नायिकेसाठी अस्सल रशियन वाटेल असं नाव घडवतो यात नवल नाही. ते घरोघरी पोचवलं मात्र वासिली झुकोव्स्कीने. ब्यूर्गरच्या ‘लेनोरे’ या जर्मन कथाकाव्याला रशियन साज चढवून त्याने लिहिलेली ‘स्वेतलाना’ १८१३ मध्ये छापून आली. हिवाळ्याच्या सणाच्या रात्री आरशासमोर बसून भविष्य पाहणारी मुलगी, मेलेल्या नवऱ्यामुलाचं भयंकर स्वप्न आणि सकाळी तो जिवंत दारात. वाचकांनी ती इतकी डोक्यावर घेतली की ‘अर्झामास’ या साहित्यमंडळात खुद्द झुकोव्स्कीलाच ‘स्वेतलाना’ हे टोपणनाव मिळालं.

यावर आक्षेप येतो तो असा: कागदावर नाव सापडत नाही म्हणून ते लोकांत नव्हतंच, असं कसं म्हणता? आक्षेप रास्त आहे, पण इथे टिकत नाही. ख्रिस्ती धर्म आल्यावरही रशियात कित्येक शतकं बाप्तिस्म्याच्या नावाशेजारी जुनी देशी नावं चालू होती, आणि ती दप्तरांत, इतिवृत्तांत भरपूर सापडतात. राजा व्लादिमिरच्या आईचं मालुशा हे नावसुद्धा टिकून राहिलं. ल्युदमिला हेही खरोखर जुनं स्लाव्ह नाव. बोहेमियाची संत ल्युदमिला ९२१ साली मारली गेली. या गर्दीत स्वेतलाना मात्र कुठेच नाही. आणखी एक पुरावा चर्चचा. संतांच्या यादीत हे नाव नसल्यामुळे क्रांतीपूर्वी ऑर्थोडॉक्स चर्च त्या नावाने बाप्तिस्मा देत नसे. म्हणून लोकांनी ते जहाजांना दिलं, पीटर्सबर्गच्या विजेच्या दिव्यांना दिलं. ‘स्वेतलाना’ नावाची क्रूझर १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत बुडाली. मुलींना ते नाव द्यायची वाट मोकळी झाली ती १९१७ नंतर, जन्मनोंदणी चर्चच्या हातून सरकारकडे गेल्यावर. १९२६ साली जन्मलेल्या स्टालिनच्या मुलीचं नाव स्वेतलाना (ब्रजेश सिंहांच्या अस्थी घेऊन भारतात आली आणि १९६७ मध्ये दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीत शिरली, तीच). अंतराळात चालणारी पहिली स्त्री सावित्स्काया आणि नोबेलविजेती अलेक्सियेविच, या दोन्ही स्वेतलाना १९४८ च्या. पुढे चर्चनेही ग्रीक ‘फोतिनी’शी, म्हणजे पुन्हा प्रकाशाशीच, या नावाची सांगड घातली.

‘मग हे नाव बनावटच म्हणायचं!’ असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. प्रत्येक नाव कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा उच्चारलेलं असतं. याचं पहिलं उच्चारण आपल्याला सालासकट माहीत आहे, एवढाच फरक. उलट, पुरोहिताच्या यादीत नसलेलं नाव एका कवितेच्या जोरावर लाखो घरांत पोचलं, ही गोष्ट ‘पाच हजार वर्षांपूर्वीचं संस्कृत नाव’ या दंतकथेपेक्षा मला अधिक मोलाची वाटते. संस्कृतचं मोठेपण सिद्ध करायला दुसऱ्यांच्या कवींचं श्रेय काढून घ्यायची गरज नाही. तेव्हा बारशाच्या पत्रिकेत नावाचा अर्थ छापणार असाल तर ‘श्वेताशी नातं सांगणारं’ असं जरूर छापा. पण पुढे ‘मूळ संस्कृत’ लिहू नका. ‘रशियन, १८०२’ असं लिहा.