सारसाचें अंडें केव्हां फुटेल?

संस्कृतांत पक्ष्यास ‘द्विज’ म्हणतात. एक जन्म अंड्याच्या रूपानें, दुसरा तें फोडून. पहिल्या जन्माची वेळ बहुधा कोणी पाहत नाहीं. मग दुसऱ्याची वर्तवावी कशी? हा प्रश्न एके श्रावणांत माझ्या जुन्या विद्यार्थ्यानें मला घातला. त्याच्या धानाच्या बांधींत सारसाच्या जोडप्यानें घरटें केलें होतें. “गुरुजी, निंदण खोळंबलं जी. पिल्लं कवा निघतीन?”

आपल्या गोंदिया जिल्ह्यांत सारस आज पन्नासांहूनही कमी उरले आहेत. तेव्हां त्याच्या पिकाइतकेंच त्या अंड्यांनाही मोल होतें.

पक्षिशास्त्रज्ञ अंडें क्षणभर पाण्यांत सोडून त्याचें वय ताडतात. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आंतील ओलावा उडत जातो व रुंद टोंकाकडील हवेची पोकळी वाढते. म्हणून ताजें अंडें तळाशीं आडवें पडतें. कांहीं दिवसांनीं त्याचें रुंद टोंक वर उचललें जातें. पुढें तें उभें राहतें, आणि उत्तरार्धांत तरंगून पाण्याबाहेर डोकावूं लागतें. परंतु हें काम परवानगी असलेल्या तज्ज्ञांचें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अशा अंड्यांस वा घरट्यास उपद्रव देणें हा गुन्हा आहे. शिवाय नरमादी उठून गेलीं कीं कावळ्यांचें फावतें.

मीं विचारलें, “अंडें प्रथम कोणीं पाहिलें?” त्याची पत्नी म्हणाली, “मी पाहिलं. नागपंचमीले धुऱ्यावरून दिसलं, तवा एकच होतं. दोन दिवसांनी दोन झाले.”

उत्तर मिळालें! सारसी बहुधा दोनच अंडीं घालते, तींही दोनेक दिवसांच्या अंतरानें. एकटें दिसलें तें अंडें ताजेंच होतें. उबवणीस सुमारें ३१ दिवस लागतात. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणजे ऋषिपंचमी उलटल्यावर एकदोन दिवसांनीं, महालक्ष्म्या घरीं येण्याच्या सुमारास! पिलें एकदोन दिवसांतच घरटें सोडून आईबापांमागें चालूं लागतात, हेंही मीं त्यास सांगितलें.

त्यानें क्षणभर पत्नीकडे पाहिलें. तणानें धान जाणार, हें दोघांनाही ठाऊक होतें. “राहू द्या मग तेवढी बांधी,” ती म्हणाली.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीं तो प्रसाद घेऊन आला. पहिलें पिलूं निघालें होतें.

असो. घरटें दिसल्यास वाचकांनीं त्यास हात लावूं नये. भिंतीवरील पंचांगांत त्या तिथीपुढें खूण मात्र अवश्य करावी.