हृदयक्रिया बंद पडली, म्हणजे काय झाले?

ऐन दिवाळीत मरणाचा विषय काढणे शिष्टसंमत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जो विषय वर्षभर कोणी काढीत नाही, तो घरची सारी माणसे एकत्र जमतात त्या चार दिवसांत तरी काढावयास नको काय?

आपल्याकडे माणूस रोगाने मरत नाही. त्याची ‘हृदयक्रिया बंद पडते’. वर्तमानपत्रातील निधनवार्तेत हे खपून जाते. पण डॉक्टरांनी सही केलेल्या मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावरही तेच शब्द असावेत, याला काय म्हणावे? हृदयक्रिया बंद न पडता आजवर कोण मेला आहे? मरणसमयीची अवस्था लिहू नका, मरणास कारण झालेला रोग लिहा, अशी सूचना त्या नमुना क्रमांक ४ वर छापलेलीच असते. पण छापील सूचना न वाचण्यात आपल्या सुशिक्षितांचा हात कोण धरणार!

इन्फ्लुएन्झाचेच पाहा. वृद्ध गृहस्थास फ्ल्यू होतो, त्यातून न्यूमोनिया, आणि शेवटी श्वसन निकामी. दाखल्यावर ही साखळी शेवटाकडून मुळाकडे, एकाखाली एक लिहावयाची असते. सर्वांत खाली मूळ कारण म्हणून इन्फ्लुएन्झा यावयास हवा. ती ओळ कोरी राहिली की फ्ल्यू सुटला! पुढे त्या कागदास संकेतांक देणारा कर्मचारी काही वैद्य नव्हे; लिहिले असेल तेवढेच तो पाहणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात हंगामी फ्ल्यूचा विषाणू ओळखला गेला असेल तर जे १०. विषाणू ओळखला गेला नाही, पण निदान फ्ल्यूचे आहे, तर जे ११. पशुपक्ष्यांकडून आलेल्या किंवा महासाथीच्या विषाणूसाठी जे ०९. नुसता ‘ताप’ लिहिला तर आर ५०, म्हणजे रोग नव्हेच, केवळ लक्षण.

“तपासणीला पैसे पडतात,” असे डॉक्टर म्हणतील. खरे आहे. पण जे ११ चे घर त्यासाठीच तर आहे! प्रामाणिकपणाला पैसे पडत नाहीत. उलट, प्रत्येक शिंकेला फ्ल्यू म्हणणे, किंवा तपासणीवाचून ‘विषाणू सापडला’ असे लिहिणे, हेही तितकेच खोटे.

१९१८ च्या साथीत हिंदुस्थानात किती माणसे गेली? अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. म्हणजे पाऊण कोटी माणसे होती की नव्हती, हेच आपणांस ठाऊक नाही! खेडोपाडी मृत्यूची नोंद गावकामगार करीत आणि बहुतेक मरणे ‘ताप’ या एकाच सदरात जात. त्यांना दोष कसा द्यावा? माणसातील फ्ल्यूचा विषाणूच मुळी १९३३ साली सापडला. आजच्या डॉक्टरांना मात्र ही सबब नाही. तरीही २०२० च्या राष्ट्रीय अहवालानुसार नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ सुमारे साडेबावीस टक्के मृत्यूंच्या कारणाला वैद्यकीय दाखला होता.

“मेलेल्याला याचा काय उपयोग?” असे कोणी विचारील. मेलेल्याला नाही, त्याच्या शेजाऱ्याला आहे. पावसाळ्यात फ्ल्यू बळावतो, तेव्हा म्हाताऱ्यांना आणि गर्भवतींना लस द्यावी की नाही, रुग्णालयात खाटा किती लागतील, हे अशा नोंदींच्या बेरजेवरूनच ठरवावयाचे असते. बेरीज खोटी, तर निर्णयही खोटा.

वाचकहो, २०२३ च्या दुरुस्तीने कायदाच असा झाला आहे की, रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाचा दाखला निबंधकाकडे पाठवावा आणि त्याची प्रत जवळच्या नातलगाला द्यावी. ती प्रत मागा. आपण ती विमा आणि वारसाच्या फायलीत घालतो आणि वाचीत मात्र नाही. ती वाचा. खालची ओळ कोरी असेल, तर नम्रपणे विचारा, “डॉक्टरसाहेब, आमचे आजोबा गेले कशाने?” या प्रश्नाचे उत्तर मागण्यात उद्धटपणा नाही. ते न देण्यात आहे.