मानसशास्त्रीय चाचणी : भीती नेमकी कशाची?



आज आधी माझीच एक चूक सांगते. कराड तालुक्यातल्या एका शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. त्यात एक मुलगा होता. बोलायला एकदम चुणचुणीत. उसाच्या ट्रॉलीचं वजन आणि टनाचा दर सांगितला की पैसे किती होतील ते तोंडी सांगायचा. पण वही उघडली की सगळा गोंधळ. 'घ' चा 'ध', 'भ' चा 'म', काना-मात्रा गायब. फळ्यावरच्या तीन ओळी उतरवायला अख्खा तास जायचा. मी प्रगतीपुस्तकात सरळ लिहून टाकलं, "आळस करतो, लेखनाकडे लक्ष देत नाही."

पुढे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक शाळाभेटीला आले. त्यांनी त्याची वही पाहिली आणि मला म्हणाले, "बाई, हा आळस दिसत नाही. याचं मूल्यमापन करून घ्या." मी त्याच्या आईला बोलावलं. ती माऊली घाबरलीच. "बाई, माझ्या पोराला काय येड लागलंय का? लोकं काय म्हणतील?"

गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी वडिलांनी एका खाजगी माणसाकडून मुलाच्या दहाही बोटांचे ठसे देऊन एक रंगीत रिपोर्ट आणला होता. डावा मेंदू किती, उजवा मेंदू किती, मुलगा पुढे कोण होणार, सगळं त्यात छापलेलं. त्यासाठी पैसे मोजताना कोणी लाजलं नाही. आणि खऱ्या तज्ज्ञाकडे जायची मात्र भीती! हा एका घरापुरता प्रश्न नाही, म्हणून लिहावंसं वाटलं.

चाचणी आली कुठून?

1905 साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सायमन यांनी बुद्धिमापनाची पहिली उपयोगी चाचणी तयार केली. हेतू साधा होता. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांपैकी कोणाला जादा मदत हवी हे शोधायचं. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, असं बिने मानत नव्हते. म्हणजे चाचणीचा जन्मच मुळी मदतीसाठी झाला, शिक्का मारण्यासाठी नाही.

पण पॅरिसच्या मुलांचे प्रश्न आपल्या मुलांना कसे चालतील? आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. आजही ती 'बिने-कामत' नावानं वापरली जाते. पुढे 1969 मध्ये नागपूरला डॉ. मॅलिन यांनी 6 ते 15 वर्षांच्या भारतीय मुलांसाठी वेगळी श्रेणी तयार केली. तिच्यात शब्दांचे प्रश्न असतात, तसेच ठोकळे जुळवणं, चित्रातला राहिलेला भाग ओळखणं अशी हातानं करायची कामंही असतात. म्हणूनच लिहिता न येणारं मूलही तिथं आपली हुशारी दाखवू शकतं.

आकडा कसा वाचायचा?

बुद्ध्यंकाची सरासरी 100 धरतात. साधारण दोन तृतीयांश लोक 85 ते 115 च्या दरम्यान येतात. त्यामुळे शेजारच्या मुलाचा 108 आणि आपल्याचा 103, म्हणून रडत बसू नका. मूल त्या दिवशी आजारी असेल, भुकेलं असेल, अनोळखी माणसाला बुजलं असेल, तर आकडा बदलतो. चांगला तज्ज्ञ नुसता आकडा हातात देत नाही. मूल कुठं अडतंय, कशात पुढं आहे आणि आता करायचं काय, हे तो सांगतो.

आणि ते बोटांचे ठसे? ठशांची नक्षी मूल पोटात असतानाच तयार होते आणि पुढे बदलत नाही. मुलाचं वाचन, गणित, स्वभाव मात्र रोज बदलत असतो. ठशांवरून बुद्धी सांगण्याला शास्त्रीय आधार नाही. शाळांनी अशा लोकांना पालकसभेत उभंच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाण्याआधी काय करायचं?

1. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. बरेचदा अडचण तिथंच असते.
2. तज्ज्ञाचं शिक्षण विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारण्यात कसला अपमान नाही.
3. चाचणी मुलाच्या भाषेत होणार का, हे विचारा. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची इंग्रजीत परीक्षा घेतली, तर मोजलं जाईल इंग्रजीच.
4. रिपोर्ट मराठीत समजावून मागा.
5. रिपोर्ट चारचौघांत दाखवू नका. शिक्षकांनीही स्टाफरूममध्ये त्याची चर्चा करू नये.

वाचन-लेखनाच्या अडचणीचं पक्कं निदान साधारण आठ वर्षांच्या आसपास करतात. पहिलीतलं मूल अक्षर उलटं काढतंय म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. पण तिसरी-चौथीतही तेच चालू असेल, तर "मोठा झाला की येईल" म्हणून वाट बघू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांतला एक आहे. योग्य प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. हा मुलाचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही.

आणि आपलं मोठ्यांचं काय?

मुलांना पाठवताना आपण स्वतःला विसरतो. मोठ्यांसाठीही साध्या प्रश्नावल्या आहेत. 'पीएचक्यू-9' मध्ये नऊच प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह कसा होता, असे. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 27. बेरीज 10 किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांशी बोलावं. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांचा असतो. त्याचं उत्तर 'हो' असेल तर बेरीज कितीही असो, थांबू नका. ही प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. ताप आहे का हे थर्मामीटर सांगतो, ताप कशाचा हे डॉक्टर सांगतात, तसंच हे. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं. साखरेची तपासणी आपण न लाजता करतो, मग मनाची का नको?

शेवटी आमच्या मुलाचं सांगते. चार महिने समजावल्यावर आई तयार झाली. मूल्यमापनात निघालं, की बुद्धी अगदी सर्वसाधारण, अडचण फक्त वाचन-लेखनाची. रिपोर्ट ऐकताना आई रडली. म्हणाली, "बाई, मी त्याला लई मारलंय हो अभ्यासावरनं." मला काय बोलावं सुचेना, कारण आळशी हा शब्द मीच लिहिला होता.

त्यानंतर मी प्रश्न वाचून दाखवायला लागले, उत्तरं तोंडी घ्यायला लागले, पाटीवर मोठं अक्षर गिरवून घ्यायला लागले. जादू काही झाली नाही. तो आता सहावीत आहे, अजूनही सावकाश वाचतो. पण शाळा बुडवत नाही आणि वर्गात हात वर करतो.

म्हणून विनंती एवढीच. प्रगतीपुस्तकात 'आळशी', 'ढ', 'लक्ष नाही' असं लिहिण्याआधी एकदा थांबा. मुलाला येत नाही की मुलाला जमत नाही, हे आधी शोधा. आपल्याला कळत नसेल तर ज्याला कळतं त्याच्याकडे पाठवा. तुमच्या वर्गात असं एखादं मूल आत्ता डोळ्यांसमोर आलं असेल, तर उद्याच त्याची वही घेऊन बसा.